सुट्टीचा डबा

(सुरत, डिंडोली. कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस, मे महिन्यातली दुपार. पावरलूमवर काम करणारा लोटू भिंतीला टेकून, उजवा पाय उशीवर ठेवून बसला आहे. बायको रंजना साडीला खडे चिकटवते आहे. यंदा दहावीत गेलेली मुलगी वृषाली उंबरठ्यावर उभी आहे, तिची मूठ बंद आहे.)

वृषाली: पुडी माझ्या मुठीत आहे आप्पा, आणि मूठ काही मी उघडत नाही. तुम्ही डोळे कितीही मोठे करा.

लोटू: डोळे मी नई करी राहिनू मोठे. अंगठा ठनकना का त्या आपसूक मोठे व्हतस. दे आठे.

वृषाली: उठून घ्या.

रंजना: वृषाली. बापले असं बोलतस का?

वृषाली: मग कसं बोलू, माय? कालपासून यांना पायावर चादर सहन होत नाही. पंख्याचा वारा लागला तरी दात खातात. आणि उद्या सकाळी पाळीवर जाऊन उभे राहणार म्हणे. कशाच्या जोरावर, तर या काळ्या भुकटीच्या. वास बघ एकदा हिचा, बुटाच्या पॉलिशसारखा येतो.

लोटू: आईक रंजना. शाळाना गॅदरिंगमा भाषणनं बक्षीस भेटनं, तवयपाईन आपली पोर घरमा बी माईक धरीसनच बोलस.

वृषाली: माईक असता तर बरंच झालं असतं. लखनकाकांना पण ऐकू गेलं असतं.

लोटू: लखनले काही बोलू नको. मन्यासंगे एकच खात्यामा, एकच कारखानामा काम करस तो. एवढा ऊनमा सायकल मारत कडोदरालोंग गया, मनासाठे. सुट्टीना दिवस बिचारा घर झोपी ऱ्हाता.

वृषाली: लखनकाका चांगलेच आहेत, मी कुठे नाही म्हणते? पण चांगल्या माणसाने आणली म्हणून पुडी चांगली होत नाही.

रंजना: त्या पुडीवालानी सांगं तरी काय?

लोटू: एक आज दिवा लागना का, अन् एक उद्या सकाळे, दूधमा. इंग्रजी गोळ्या सगळ्या बंद. दोन्ही एकाच पोटमा गयात का झगडा करतस म्हने.

वृषाली: झगडा कसला होतोय. आपल्या डॉक्टरसाहेबांनी मागेच सांगितलं होतं, असल्या पुड्यांमध्ये इंग्रजी गोळ्याच कुटून घातलेल्या असतात, एकदम जालीम. फक्त नाव नसतं, माप नसतं. म्हणून तर झटक्यात बरं वाटतं, आणि मग माणूस तिच्याशिवाय खाटेवरून उठत नाही. शालिग्रामकाकांचं तोंड आठवा. कसं टम्म झालं होतं. सगळी गल्ली म्हणायची, शालिग्रामची तब्येत सुधारली. आणि मग कळलं, अंगात साखर, पोटात जखम. अजून काकूंच्या खांद्याला धरून संडासाला जातात.

लोटू: शालिग्राम वरीसभर खात व्हता. मना दोनच पुड्या शेत.

वृषाली: त्यांच्यासुद्धा पहिल्या दिवशी दोनच असतील.

रंजना: हाई बोलनी ती खरं शे.

लोटू: तू बी तिनीच बाजूनी का?

रंजना: मी कोनीच बाजूनी नई. मी खडा चिटकाडी राहिनू. तुमना दोघांसना आवाजवरी मना हात हालस, तेवढं बंद करा.

लोटू: बरं. मंग दोन्ही जनी आईका. उद्या सकाळे मी मन्या मशिनीसपुढे नई दिसनू, तं सेठ दुसरा मानूस उभा करी. लखनना हातेच निरोप धाडेल शे त्यानी. आत्तेच तं पुतन्या रघुनाथना लगीनले गावले जाईसन उनू, बूड टेकं नई तं परत खाडा. सेठ म्हने, लोटूले पाय कुरवाळाना व्हई तं घर कुरवाळ, मनी मशीन खाली ऱ्हावाले नको.

रंजना: हाई तुम्ही सकाळपाईन सांगं नई.

लोटू: सांगीसन काय करती? तू रडती, अन् ही सेठना दारमा जाईसन भाषण देती.

वृषाली: दुसरा माणूस म्हणजे... कायमचा?

लोटू: मशिनीवर एकदा दुसराना हात बठना का कायमनाच. मंग मी छूटक. आज ह्या खात्यामा, उद्या त्या खात्यामा, कोनी बलाई तठे. अन् असा पायले कोन बलाई? त्यापेक्षा गाव बरं. मना भाऊ रामदासनी लगीनमा सांगेलच शे, वावरमा लक्ष ठेवाले मानूस पाहिजे म्हने.

वृषाली: आणि माझी दहावी?

लोटू: गावले बी शाळा शे.

वृषाली: आप्पा, आत्ताच तर दहावीचे सुट्टीतले क्लास सुरू झालेत.

लोटू: म्हनीसनच सांगी राहिनू, पुडी दे. मी काय हौसनं खाई राहिनू का? उद्याना दिवस उभा ऱ्हायनू, परवाना उभा ऱ्हायनू, सेठनं डोकं थंड व्हयनं, मंग तुना डॉक्टरनं काय आईकानं ते आईकसू.

वृषाली: डॉक्टरांनी दुखण्याची कॅप्सूल दिलेली आहेच. जेवणावर घेतलीत ना? त्याने उतरेल. पाय वर ठेवायचा, पाणी भरपूर प्यायचं. उद्याच्या उद्या नाही, पण दोन-तीन दिवसांत तुम्ही चप्पल घालाल. मागच्या वेळीही असंच झालं होतं. आणि ती रोजची पांढरी गोळी चालूच ठेवायची, ती...

लोटू: त्या पांढरी गोळीनं नाव नको काढू मनापुढे.

वृषाली: का?

लोटू: का म्हने. गई आखाजीले, अक्षय्य तृतीयाले चालू करी ती. आते दुसरी आखाजी व्हई गई. काय उजेड पडना? दिवाळीले गावले गयू, पाय सुजना. संक्रांतले थोडा का व्हईना, सुजना. व्हळीले तं असा सुजना का माले पाठवर लईसन डॉक्टरकडे गयतात लोके. अन् आते लगीनहून उनू का परत. गोळी खाईसन बी सुजस, नई खाईसन बी सुजस. मंग खावानी कसाले?

वृषाली: ती दुखणं थांबवायची गोळीच नाही आप्पा. दुखणं येऊ नये म्हणून आहे. किती वेळा सांगू. आपल्या बोअरिंगच्या पाण्याने हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, माय नारळाच्या काथ्याने घासते तरी निघत नाही, तसा तुमच्या अंगठ्याच्या सांध्यात रक्तातला क्षार बसलाय. ही गोळी रोज घेतली की रक्तात क्षार वाढत नाही. मग तो बसलेला थर हळूहळू विरघळतो. महिने लागतात. सुरुवातीला तर थर हलतो म्हणून उलट जास्तच दुखू शकतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तुम्हाला तिथल्या तिथे सगळं मराठीत सांगितलं होतं, खुर्चीवर बसून.

लोटू: तू अन् तुना डॉक्टर गुजरातीमा केम छो, सारू छे करतस. मना पाय अहिरानी शे. त्याले काय समजस?

वृषाली: विनोद नका करू.

लोटू: विनोद नई. बारा तास मी उभा ऱ्हास. एक मशिनीना तार तुटना का तिकडे पय, दुसरीनी बोबीन सरनी का इकडे पय. त्या पायले सांग जाय, महिने लागतीन म्हने.

रंजना: मी एक बोलू का?

लोटू: बोल. तूच बाकी ऱ्हायनी.

रंजना: तुमनं तुमनाच तोंडमा उनं आते. दिवाळी, संक्रांत, व्हळी, लगीन. सनलेच कसा सुजस पाय? इतर दिवस नई. मी सांगस, सन म्हंजे बोकड. दिवाळीनी भाऊबीजले तुमना भाऊना घर तुम्ही कलेजी किती खादी, मी चुल्हाजवळथीन मोजी राहिंतू. अन् त्यावर ती मोहानी दारूनी बाटली. गुजरातमा भेटस नई म्हनीसन तठे जाईसन सूड लेतस.

लोटू: व्हळीले मी कोठे गावले व्हतू? आठेच व्हतू. व्हळीले पुरनपोळी खादी, बोकड नई खादं. मंग कसा सुजना?

रंजना: मंग नजर लागस. सुरतहून मानूस गया का गावनी नजर...

लोटू: व्हळीले आठे कोनी नजर लाई? लखननी?

वृषाली: थांबा. माय म्हणते ते बरोबर आहे, म्हणजे नजरेचं नाही, सणांचं. मला पण आजवर मटणच वाटायचं. डॉक्टरांनी पण मटण-दारूचं सांगितलंच होतं. पण होळीला तर आपण सगळे इथेच होतो, आणि होळीचाच झटका सगळ्यात मोठा होता. त्यात काय होतं वेगळं?

लोटू: वेगळं काय? कारखाना बंद व्हता. भैया लोके गावले निंघी गयात, सेठनी आठवडाभर खातंच बंद ठेवं. मी घर झोपी व्हतू. आराम करीसन बी सुजना. म्हनीसन तं म्हनस, हाई गोळीनं काम नई.

वृषाली: आराम करूनही. हं. बरं, ते नंतर बघू. आधी आजची गोळी घ्या, दुपार झाली. घेतलीत का?

लोटू: कोनती?

वृषाली: पांढरी. आजची.

लोटू: आज सुट्टी शे ना.

वृषाली: सुट्टी आहे म्हणजे?

लोटू: म्हंजे सुट्टी शे. आज पाळी नई.

वृषाली: आप्पा, पाळीचा आणि गोळीचा काय संबंध?

लोटू: तुनी मायले इचार. तीच ठेवस गोळी. डब्बामा, चटनीनी वाटीवर, कागदमा गुंडाळीसन. दुपारले डबा सोडा, कागद निंघना, गोळी लिधी, मंग भाकर. वरीसभरमा एक दिवस चुकनू नई मी. लखनले इचार जाय, समोरच बठेल ऱ्हास तो.

वृषाली: आणि ज्या दिवशी डबा नसतो?

लोटू: डबा नई तं गोळी कोठेन येवावं?

वृषाली: माय.

रंजना: काय व्हयनं?

वृषाली: माय, तू सुट्टीच्या दिवशी यांना गोळी देत नाहीस?

रंजना: मी डब्बामा ठेवस. ह्या इसरी जातस म्हनीसन ठेवाले लागनू. सुट्टीले ह्या घरच ऱ्हातस, फळीवर डब्बी शे, डोळासपुढे शे. माले वाटनं, सोता लेतस.

लोटू: माले वाटनं, तू नई देस म्हंजे त्या दिवस लेवानी नई. डॉक्टरनीच सांगेल व्हई तुले.

रंजना: माले डॉक्टर काय सांगी? मी गयूच नई कधी. वृषालीच जास संगे.

वृषाली: मी तर सांगितलं होतं. रोज. रोज एक.

लोटू: मंग रोजच तं लेस मी. मशीन चालस त्या रोज. पाय उभा ऱ्हास म्हनीसन दुखस, उभा ऱ्हावानं नई त्या दिवस कसाले दवा? माले ते बराबरच वाटनं. उगाच शरीरले गरमी.

वृषाली: देवा. म्हणजे दर सुट्टीला नाही. आणि दिवाळीत खाती बंद, आपण गावाला, तेव्हा सबंध सुट्टीभर नाही. संक्रांतीला नाही. होळीला आठवडाभर घरात झोपून, फळीवर डबी डोळ्यांसमोर, तरी नाही. आणि रघुनाथदादाच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत, नंतर देवदर्शन, पुन्हा पाहुणे... तेव्हाही नाही?

लोटू: तठे कोठे डबा व्हता?

रंजना: पन मी पिशवीमा डब्बी ठेवेल व्हती. गावले जाताना. दिवाळीले बी, लगीनले बी. तुमना धोतरखाले.

लोटू: माले काय माहीत? तू काढीसन देवाले पाहिजे व्हती.

रंजना: कशी देऊ? समदा भाऊबंद ओट्यावर बठेल, अन् मी मझार जाईसन तुमले गोळी देऊ? तुम्हीच म्हनेल व्हतात बसमा. गावमा कोनले दिसाले नको, लोटू सुरतले जाईसन आजारी पडना असं कोनी म्हनाले नको. म्हनेल व्हतात का नई?

लोटू: म्हनेल व्हतू.

रंजना: मंग मी गप ऱ्हायनू. माले वाटनं, रातले लेत व्हतीन, कोनी देखत नई तव्हय.

वृषाली: एक-दोन दिवस चुकलं तर एवढं बिघडत नाही, पण हे असं म्हणजे... थर जरा विरघळला की गोळी बंद. पुन्हा क्षार साचला. पुन्हा पाळी सुरू, पुन्हा गोळी सुरू, पुन्हा थर हलला. म्हणून तर प्रत्येक वेळी सणाला, नाहीतर सणाहून आल्यावर. बोकड नाही, नजर नाही. म्हणजे बोकड पण आहेच थोडं. पण वर्षभर ज्या गोळीला तुम्ही शिव्या देताय, ती त्या दिवसांत तुमच्या पोटात गेलीच नव्हती आप्पा. मी एवढी हुशारी मारत डॉक्टरांपुढे गुजराती झाडते आणि घरात इतकं साधं...

रंजना: खडा वाकडा बठना.

वृषाली: माय, तू रडू नको.

रंजना: मी कोठे रडी राहिनू? सोल्यूशनना वास डोळामा गया. डब्बामा ठेवं म्हंजे मनं काम व्हयनं असं वाटे माले. एकदा बी इचारं नई.

लोटू: तू कसाले मनले लाई लेस? तू ठेवत व्हती म्हनीसन एवढी तरी गई पोटमा. मनावर ऱ्हाती तं एक बी नई जाती.

वृषाली: मग आता पटलं ना, गोळीचा दोष नाही?

लोटू: पटनं.

वृषाली: खरंच?

लोटू: पटनं म्हनं ना. हंडाना थर बी पटना, डब्बा बी पटना. पन एक सांग. हाई जी खरी गोष्ट आपले सापडनी, ती उद्या सकाळे मन्या मशिनीसपुढे उभी ऱ्हाई का?

वृषाली: ती नाही उभी राहणार, पण...

लोटू: नई ना? तठे मालेच उभं ऱ्हावानं शे. म्हनीसन पुडी दे. पांढरी गोळी परवापाईन लेसू, सुट्टीले बी लेसू, तू म्हनशी तं निजीसन लेसू. पन उद्याना दिवस मना हातमाथीन जाऊ देऊ नको.

वृषाली: घ्या.

रंजना: वृषाली, काय करी राहिनी तू?

वृषाली: देतेय, माय. मी किती वेळ मूठ आवळून धरणार? मला क्लासला जायचंय, पुढच्या महिन्यात शाळेत जायचंय. मी नसताना हे मागवतीलच दुसरी. इथे ठेवते आप्पा, तुमच्या हाताशी. उठावं लागणार नाही. तुम्हाला चालता येत नाही म्हणून मी मघाशी तसं बोलले, ते चुकलं माझं. पण घ्यायची की नाही, ते तुम्हीच ठरवा. मला फक्त एवढंच सांगा, शालिग्रामकाकांसारखे झालात तर मी गावाच्या शाळेत बसू की सुरतेच्या?

लोटू: हाई भाषण मांगलापेक्षा चांगलं व्हयनं.

वृषाली: आप्पा.

लोटू: गप बठ घडीभर. इचार करू दे.

रंजना: बदली उभा करा ना उद्या. समदा करतस. दोन-तीन दिवस.

लोटू: बदली.

रंजना: लखनले सांगा. त्याले ह्याच आठवडापुरती रातपाळी शे. दिवसले तुमन्या मशिनीसवर उभा ऱ्हाई. जोडपाळी व्हई त्याले, पन ऱ्हाई. तुमनासाठे कडोदरालोंग गया तो.

लोटू: रंजना, माले ह्या मशिनी कशा भेटन्यात, इसरनी का तू? पोपटभाऊले कावीळ व्हयनी व्हती. माले म्हने, लोट्या, चार दिवस उभा ऱ्हाय, मी येस. मी उभा ऱ्हायनू. मना हात बसना, कापडना ताका चांगला निंघाले लागना. पोपटभाऊ बरा व्हईसन उना तव्हय सेठ त्याले म्हने, आते ह्या लोटूना शेत. मी काही मांगं नव्हतं. तरी त्यान्या मशिनी मनाकडे उन्यात, अन् तो गावले गया. लगीनमा भेटना माले. हसीसन बोलना, पायले काय व्हयनं इचारं. हाई समदं मना डोळापुढे शे, अन् तू म्हनस बदली.

वृषाली: लखनकाका तसे नाहीत.

लोटू: मी बी तसा नव्हतू पोरी. सेठ तसा शे.

रंजना: मंग?

लोटू: थांब. पुडी उघडीसन देखू दे.

रंजना: अहो, खाऊ नका.

लोटू: हाई पुडीना वास खरंच पॉलिशसारखा येस.

वृषाली: मी सांगितलं होतं.

लोटू: लखन कोठे शे?

वृषाली: कोपऱ्यावर चहाच्या हातगाडीवर. माझ्या भीतीने आत नाही आले.

लोटू: जाय. त्याले सांग, उद्या सकाळे मन्या मशिनीसवर तो उभा ऱ्हावावं. सेठले पह्यलेच सांगानं, लोटूनी बदली शे, लोटू पाय टेकस त्या दिवस लोटू येस. चार लोकेसपुढे सांगानं, खात्यामा, एकला जाईसन नई. अन् हाई पुडी परत दे त्याले. फेकू नको, उन्हामा सायकल मारी त्यानी.

वृषाली: जाते. आलेच मी, इथल्या इथे.

रंजना: पाय कसा शे?

लोटू: जळस.

रंजना: बरफ आनू का, समोरनी सरलाबाईकडथीन?

लोटू: आन नंतर. ती यी जाऊ दे.

रंजना: मशिनी गयात तं?

लोटू: गयात तं गयात. पाय गया तं कोनतीच मशीन नई भेटनार. तू ती डब्बी कोठे ठेवस? फळीवर?

रंजना: फळीवरच. हयदीना डब्बाजवळ.

लोटू: वरीसभर देखी राहिनू. माले वाटनं, तुनी डोकं दुखानी शे.

वृषाली: आले. सांगितलं. लखनकाका म्हणाले, मी तर विचारणारच होतो पण लोटूभाऊला वाटलं असतं मशिनींवर डोळा आहे, म्हणून पुडी आणायला गेलो. एकमेकांशी सरळ बोलत नाही, काय माणसं आहात तुम्ही दोघं. सेठला मुकादमासमोर सांगतील. आणि पुडी परत दिली तर हसले, म्हणाले, असू दे, माझा गुडघा दुखला की मीच घेईन. मी म्हटलं, मग तुमच्या घरी येऊन मूठ बंद करीन, काकूंना सांगून ठेवा.

लोटू: सेठ आईकी का?

वृषाली: ते नाही माहीत. लखनकाका म्हणाले, सेठचं सेठ जाणे. पण लोटूभाऊ आला की मी मशिनींवरून लगेच बाजूला होईन. तसं त्यांनी त्यांच्या आईची शपथ घेतली, मी काही म्हटलं नव्हतं.

लोटू: बरं.

वृषाली: उद्या संध्याकाळी रिक्षाने डॉक्टरांकडे जाऊ. मी त्यांना सगळं नीट सांगते, डब्याचं, सुट्ट्यांचं, गोळी कशी चालू-बंद झाली ते. रक्त पुन्हा तपासायला लागेल बहुतेक. ते रागावतील थोडे.

लोटू: तू नको सांगू. मी सांगसू.

वृषाली: गुजरातीत?

लोटू: तुटीफूटी. डबो, रजा, गोळी नथी लीधी. एवढं येस माले. सेठनी शिव्या मी कोनती भाषामा आईकस मंग?

वृषाली: बरं, मी नुसती शेजारी बसते. पण अडलात तर बोलणार.

लोटू: अडनू नई तरी बोलशीच तू. रंजना, तू काय खुडबुड लाई तठे? सुट्टीना दिवस डबा कसाले घासस?

रंजना: घासेलच शे. पुसी राहिनू. घ्या.

लोटू: हाई काय? दुपारनं जेवन तं व्हई गयं.

रंजना: उघडा तुम्ही.

लोटू: भाकर नई. भाजी नई. चटनीनी वाटी बी खाली. एवढा डबामा एक कागद.

रंजना: उद्या पाळी नई, तरी भरसू. परवा भरसू. दिवाळीले गावले गयूत तं तठे भरसू, ओट्यावर आनी देसू, समदा भाऊबंदसपुढे.

लोटू: हासतीन लोके.

रंजना: हासू द्या.

वृषाली: थांबा, मी ग्लास भरून आणते.

लोटू: ग्लास नको. खात्यामा कोठे ग्लास ऱ्हास? ह्या झाकनमाच पानी वत.